नदीतील मासे आणि कत्तलखान्याचे सांडपाणी

(निपाणी परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक आणि अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकण्यास सुखद नाही, आणि तो जेवणाच्या वेळेपूर्वी मांडावा लागत आहे. तेव्हा आपण मला सांभाळून घ्याल अशी आशा आहे. नदीचे पाणी दूषित झाले की पिण्याच्या पाण्याचे काय, असा प्रश्न आपण तत्काळ विचारतो, आणि तो योग्यच आहे. त्याच पाण्यात वाढणाऱ्या माशाचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कत्तलखान्यांतून आणि मटण-कोंबडीच्या दुकानांतून नाल्यावाटे नदीत जाणारे रक्त, शेण व धुवणाचे पाणी माशाच्या अंगी कोणते रोगजंतू लावते, ते जंतू आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसे पोचतात आणि त्यांना कोठे अडविता येईल, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. कोणी काय खावे हा या व्याख्यानाचा विषय नाही. मोठ्या जनावरांच्या कत्तलीविषयी महाराष्ट्रात २०१५ साली आणि कर्नाटकात २०२० साली कडक कायदे झाले. त्यांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. बोकड, मेंढी, कोंबडी, डुक्कर किंवा म्हैस, कोणत्याही प्राण्याचे आतडे धुतलेले पाणी नाल्यात गेले तर त्याचा परिणाम एकाच जातीचा होतो. शिवाय आपल्या भागात रविवारचे मटण आणि पाहुण्यासाठी तांबडा-पांढरा रस्सा बहुतेक घरांतून शिजतो. तेव्हा या प्रश्नाची जबाबदारी कापणाऱ्याइतकीच खाणाऱ्यावरही येते, हे मनात ठेवून पुढचे ऐकावे.

आपला मुलूख नद्यांचा आहे. वेदगंगा पाटगावकडून निघून गारगोटी, मुरगूड या बाजूने खाली येते आणि यमगर्णीजवळ महामार्ग ओलांडते. दूधगंगा काळम्मावाडीच्या धरणातून सुटून कागल आणि कोगनोळी यांच्या मधून वाहते. भोज गावच्या परिसरात वेदगंगा तिला मिळते आणि हा एकत्रित प्रवाह पुढे चिकोडी तालुक्यात कृष्णेला जाऊन मिळतो. दक्षिणेस हिरण्यकेशी आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी येते. बेळगावजवळची मार्कंडेय नदी राकसकोपच्या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी देते आणि त्याच शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यावाटे पुढे स्वीकारते. शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना हा नाला काय आहे ते मी सांगावयास नको. या सर्व नद्यांच्या काठी गावे आहेत, आठवड्याचे बाजार आहेत, बाजारात मटणाची दुकाने आहेत, आणि दुकानामागे कोठे ना कोठे एक गटार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. नदीतील मासे मेले की सर्वांना कळते. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मृत माशांचा थर गेल्या काही वर्षांत अनेकदा दिसला. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, अधिकाऱ्यांनी पाण्याचे नमुने घेतले, नोटिसा निघाल्या. हे सर्व व्हावयास हवेच. परंतु मेलेला मासा कोणी जाणूनबुजून खात नाही. आरोग्याच्या दृष्टीने अधिक विचार करावयाचा तो जिवंत माशाचा. कत्तलखान्याच्या पाण्यातील जे जंतू माणसाला आजारी पाडतात ते बहुधा माशाला आजारी पाडीतच नाहीत. मासा तडफडत नाही, त्याचे डोळे पांढरे होत नाहीत, कल्ले लालबुंद असतात, आणि ग्राहक समाधानाने तो पिशवीत घालतो. मासा ताजा असणे आणि मासा निर्जंतुक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कत्तलखान्याच्या सांडपाण्यात असते तरी काय? रक्त, शेण, मूत्र, पोटातील अर्धवट पचलेला चारा, वजडी व आतडी धुतलेले पाणी, चरबी, केस, पिसे आणि फरशी धुतलेले पाणी. यांपैकी रक्ताविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्याची ताकद बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सांडपाणी कुजताना पाण्यातील प्राणवायू किती खाते त्यावरून त्याची तीव्रता मोजतात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला साधारणतः २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. एक लिटर रक्ताला तो सुमारे १,५०,००० मिलिग्रॅम लागतो. आपल्याकडील हवामानात नदीच्या स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिक्षक मंडळींनी हा भागाकार वर्गात फळ्यावर अवश्य करून दाखवावा. एका लिटर रक्ताची भूक भागविण्यास सुमारे १८ ते १९ हजार लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खर्ची पडतो, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. एका मध्यम बोकडाचे वाहून जाणारे रक्त सुमारे एक लिटर भरते. वाहत्या नदीत हवेतून नवा प्राणवायू मिसळत असतो हे खरे. पण उन्हाळ्यातील नाल्यात पाणी किती आणि त्याला वाहते तरी किती म्हणावे?

प्राणवायू घटल्याने मासा गुदमरतो. रक्तातील प्रथिने कुजून अमोनिया तयार होतो, तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. अशा अशक्त झालेल्या माशावर पाण्यात नेहमीच वावरणारे एरोमोनाससारखे जीवाणू हल्ला करतात व अंगावर जखमा होतात. हे माशाचे दुखणे झाले. माणसाचे दुखणे शेणातून आणि आतड्यातून येते. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या आतड्यातही इ. कोलाय नावाचे जीवाणू कोट्यवधींच्या संख्येने असतात. त्यांच्या बहुतेक जाती निरुपद्रवी, काही मात्र रक्ती हगवण आणणाऱ्या आहेत. त्यांच्या सोबतीला साल्मोनेला असू शकतो. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर असतो. जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा येतो. तो मासा खाणाऱ्यापेक्षा पाण्यात उतरणाऱ्या भोयाला अधिक घातक, कारण हातापायांवरील खरचटलेल्या जागेतून तो शरीरात शिरतो. याखेरीज अलीकडच्या काळातील एक चिंता म्हणजे प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जंतू. कोंबड्यांच्या वाढीसाठी व उपचारासाठी औषधांचा सढळ वापर झाला आणि औषधांना सरावलेले जंतू त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडू लागले. माणसावर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापर करण्यास केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच कारणाने.

हे जंतू माशात कसे जातात, ते आता पाहू. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. इ. कोलाय हा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातील रहिवासी. माशाचे ते स्वतःचे बिऱ्हाड नव्हे. म्हणून माशाच्या अंगी तो सापडला तर तो पाण्यातून आला, आणि पाण्यात तो कोणाच्या तरी विष्ठेतून आला, असा सरळ निष्कर्ष निघतो. मासा श्वासासाठी सतत पाणी कल्ल्यांतून फिरवितो, तेव्हा जंतू प्रथम कल्ल्यांवर आणि अंगावरील बुळबुळीत थरात बसतात. अन्नाबरोबर ते आतड्यात जातात. मांस मात्र निरोगी माशात बहुधा निर्जंतुक राहते. येथे एक मर्यादा आहे. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात सांडपाण्यावरील मत्स्यशेतीचे जे प्रयोग झाले त्यांत असे दिसले की, पाण्यातील जंतूंची संख्या एका ठरावीक पातळीपलीकडे गेली की माशाची प्रतिकारशक्ती अपुरी पडते आणि जंतू मांसातही आढळू लागतात. ही पातळी दर १०० मिलिलिटर पाण्यात दहा हजार ते एक लाख जंतू अशी सर्वसाधारणपणे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली मत्स्यतळ्यांसाठी १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जंतू १,००० च्या आत असावेत अशी शिफारस केली, ती हे ध्यानी घेऊनच.

सर्व मासे सारखेच धोक्यात असतात असेही नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी चरतो, वाम गाळात राहते, आणि आपल्याकडे ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया मिळेल ते खातो. पाण्यातील जंतू उन्हाने काही दिवसांत पुष्कळसे मरतात. गाळात मात्र त्यांना सावली आणि अन्न दोन्ही मिळते व ते कित्येक आठवडे तग धरतात. म्हणून तळाशी चरणाऱ्या माशाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

आपल्या भागात या गोष्टीला आणखी एक स्थानिक अंग आहे, ते म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. या बंधाऱ्यांनी आपला ऊस उभा केला, त्यांचे उपकार कोण नाकारील? तथापि पावसाळा संपताच बरगे घातले जातात आणि वाहती नदी ही तळ्यांची एक माळ होते. नाल्यावाटे येणारी घाण पुढे न जाता बंधाऱ्यामागे साचते, गाळात बसते. उन्हाळ्यात पाणी उतरते, डोह तेवढे उरतात, मासे त्याच डोहांत गोळा होतात, आणि पकडण्यास सोपे म्हणून भोईही तेथेच जाळे टाकतात. म्हणजे पाणी कमीत कमी, जंतू अधिकाधिक आणि मासेमारी सर्वात जोरात, या तिन्ही गोष्टी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत एकत्र येतात. मृगाच्या पहिल्या पावसाने नाल्यांत साचलेली घाण एकदम नदीत येते तो आठवडाही वाईट. त्यानंतर पूर येऊन नदी धुऊन निघते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत गावेच पाण्याखाली गेली व जनावरे वाहून गेली, ते अर्थातच वेगळे प्रकरण.

अधिकारी मित्रांचे लक्ष मी आता एका त्रुटीकडे वेधू इच्छितो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या पाण्याचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत. केवळ जंतुनाशन करून पिण्यायोग्य पाणी हा पहिला वर्ग. त्यात १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जंतू ५० पेक्षा अधिक चालत नाहीत. स्नानाच्या पाण्यात ५०० चालतात, शुद्धीकरण करून प्यावयाच्या पाण्यात ५,०००. चौथा वर्ग वन्य जीव आणि मत्स्यव्यवसाय यांसाठीचा. त्यात आम्लता किती, प्राणवायू दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत, एवढेच निकष आहेत. जंतूंच्या संख्येचा निकष त्यात नाही. याचा अर्थ असा की हा वर्ग मासा जगेल की नाही ते पाहतो. तो खाणाऱ्याचे काय होईल ते पाहत नाही. बाजारातील माशाला अन्नसुरक्षेचे मानक लागू आहे. २५ ग्रॅम माशात साल्मोनेला मुळीच आढळता कामा नये, असे ते सांगते. परंतु निर्यातीच्या कोळंबीची तपासणी जितक्या काटेकोरपणे होते तितकी नदीच्या काठावर तराजू टांगून विकल्या जाणाऱ्या वामेची होईल, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. तेव्हा पाण्यापाशीच काळजी घ्यावयास हवी.

येथे कोणी विचारील की, कोलकात्याच्या पूर्वेस शहराच्या सांडपाण्यावर मोठी मत्स्यशेती चालते, ते कसे? प्रश्न रास्त आहे. त्या पाणथळ प्रदेशाला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले आहे. परंतु तेथे सांडपाणी उथळ तळ्यांत घेऊन काही दिवस उन्हात ठेवतात; ऊन, शेवाळ व वेळ ही तिन्ही मिळून जंतूंचा बराच नाश करतात, आणि मगच तेथे मासा वाढतो. सांडपाणी हा शाप आहे असे माझे म्हणणे नाही. कच्चे, ताजे, रक्ताळलेले पाणी आज नाल्यात आणि उद्या डोहात, हा प्रकार घातक आहे.

काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. माशांच्या अंगावर लाल व्रण दिसले की ते कत्तलखान्यामुळेच, असे नसते. १९८८ साली भारतात शिरलेला व्रणांचा साथीचा रोग एका बुरशीसारख्या जीवामुळे होतो आणि तो स्वच्छ तळ्यातही होऊ शकतो. दुसरे, इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली व अनेकांचे बळी गेले, तिचे कारण माणसांच्याच मैल्याने दूषित झालेले पिण्याचे पाणी होते. तिचा दोष खाटकावर टाकता येणार नाही. नदीच्या एकूण जंतूंत शहरांच्या मैलापाण्याचा वाटा फार मोठा असतो. कत्तलखान्याचे पाणी प्रमाणाने थोडे, पण तीव्रतेने जबर, आणि एका ठिकाणी गोळा होत असल्यामुळे अडविण्यास सोपे आहे. म्हणूनच त्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते. तिसरी बाब आफ्रिकन मांगूर माशाची. कत्तलखान्यातील टाकाऊ मांस घालून तो वाढविण्याचा चोरटा धंदा महाराष्ट्रात काही ठिकाणी उघडकीस आला. या माशावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली असून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर त्याची तळी नष्ट करण्यात आली. आपल्या परिसरात कोणी असा मासा स्वस्तात देऊ करील तर तो घेऊ नये आणि मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावे.

हे सर्व ऐकून, नदीचा मासा खाऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मला मान्य नाही. असा फतवा निघाला तर एका आठवड्यात बाजार बसेल, आणि नुकसान होईल ते ज्याने नाल्यात थेंबभरही घाण टाकली नाही त्या भोयाचे. धरणे झाली, बंधारे झाले, जुने मासे कमी झाले, ठेक्याची रक्कम मात्र भरावी लागते. त्यात आता त्याच्या टोपलीवर संशय आला तर त्याने काय करावे? शिवाय मासा हे गरिबाच्या घरचे उत्तम प्रथिन आहे. गर्भवती स्त्री आणि वाढते मूल यांच्या ताटातून ते काढून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे.

घरात काय करावे ते भगिनींसाठी सांगतो. पुरुषांनी ऐकण्यास हरकत नाही. पुरेसे शिजलेले कालवण निर्धोक असते. माशाचा जाडात जाड तुकडा आतपर्यंत ७० अंशांच्या वर तापला की हे जंतू जगत नाहीत, आणि आपला रस्सा तर खदखदून उकळतो. धोका शिजण्यापूर्वीचा आहे. कल्ले व आतडी काढताना आतडे फुटू देऊ नये. ज्या विळीवर मासा चिरला तिच्यावरच लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरला जातो, तेथे खरा घोटाळा होतो. कांदा शिजत नाही. विळी, पाट आणि हात साबणाने धुऊनच पुढचे काम करावे. मासा नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्यात धुऊ नये, पिण्याच्या पाण्यात धुवावा. आतडी-कल्ले उकिरड्यावर उघडी न टाकता पुरावीत. बर्फ जंतूंची वाढ थांबवितो, त्यांना मारीत नाही. तरीही बर्फ हवाच, कारण उन्हात तीन तास ठेवलेल्या टोपलीत एकाचे अनेक होतात. जिवंत मरळ घरी आणून रात्रभर हौदात सोडली की ती शुद्ध होते, अशी समजूत आहे. पोट थोडे रिकामे होते एवढेच. मासा खरोखर स्वच्छ होण्यास स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवडे तरी ठेवावा लागतो.

परंतु विळी धुण्याने नदी स्वच्छ होत नाही. उपाय उगमापाशी हवा. कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ सालचा आहे. त्याच्या २४ व्या कलमाने नदी-नाल्यात प्रदूषण करणारा पदार्थ सोडण्यास मनाई केलेली आहे आणि ती लहानमोठ्या सर्वांना लागू आहे. कत्तलखान्यांविषयीचे केंद्राचे नियम २००१ सालचे. परंतु दिवसाला १० किंवा अधिक जनावरे कापली जातात अशाच स्थळांना ते कत्तलखाना म्हणतात. त्याहून लहान दुकाने अन्नसुरक्षा कायद्याखाली केवळ नोंदणी करून चालू शकतात. आपल्या भागात महामार्गाच्या कडेला आणि बाजारपेठांतून दिसतात ती बहुतांशी हीच लहान दुकाने. एका दुकानात रविवारी चार बोकड. अशी पंधरा दुकाने एकाच गटारावर असली तर साठ बोकडांचे रक्त त्या नाल्यात गेले, आणि मोठ्या कत्तलखान्याचे नियम कोणालाच लागू झाले नाहीत. येथे ग्रामपंचायत व नगरपालिका यांनाच पुढाकार घ्यावा लागेल. नोंदणी देताना किंवा तिचे नूतनीकरण करताना एकच प्रश्न विचारावा: रक्त कोठे जाते?

हा प्रश्न दंडाच्या भाषेत विचारण्यापूर्वी सोय करून देणे बरे. रक्त पाण्यात मिसळण्यापूर्वी गोळा केले तर ती संपत्ती आहे. पाण्यात मिसळले की ती विपत्ती होते. वाळविलेल्या रक्तात १० ते १२ टक्के नत्र असते. आपल्याकडे दुसरी एक वस्तू मुबलक आहे व तिचे काय करावे हे न कळल्याने आपण ती जाळतो, ती म्हणजे उसाचे पाचट. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे, म्हणून ते लवकर कुजत नाही. रक्त व पोटातील चारा यांत नेमके नत्र आहे. दुकानदाराने रक्त बादलीत धरावे, बादलीत भुसा किंवा बारीक केलेले पाचट आधीच घातलेले असावे म्हणजे ते शोषले जाते व दुर्गंधी कमी होते. पंचायतीने गावाबाहेर, विहीर व ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर खताचे टाके बांधावे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत आपल्या शेतकऱ्यांस माहीत आहेच; तशाच विटांच्या जाळीदार टाक्यात पाचट, शेण, चारा, रक्त व माती यांचे थर देता येतील. वर मातीचा जाड थर हवा, नाहीतर कुत्री व घारी जमतात. ढिगाचे आतले तापमान काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिले पाहिजे, म्हणजे रोगजंतू मरतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात साधा तापमापक मागितला तर मिळावा. जनावर फाशीसारख्या रोगाने मेले असल्याचा संशय असेल तर मात्र ते कापू नये, उघडू नये, खतातही घालू नये, पशुवैद्यास बोलवावे.

शहरांची गोष्ट वेगळी. बेळगावसारख्या ठिकाणी चाळणी, चरबी वेगळी करणारे कुंड, वायू तयार करणारे बंदिस्त टाके आणि त्यानंतर हवा देऊन शुद्धीकरण, असा क्रम हवा व तो चालू स्थितीत हवा. यंत्रे बसविणे एक वेळ सोपे असते. वीज, देखभाल व रोजची नोंद यांतच बहुतेक योजना अडखळतात, हे येथे बसलेल्या अभियंत्यांस मी सांगण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिला सीमेचा प्रश्न. २०१८ साली देशभरातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी झाली तीत महाराष्ट्रातील ५३ व कर्नाटकातील १७ पट्टे होते. यादी राज्यवार होते. वेदगंगा मात्र राज्यवार वाहत नाही. सकाळी कागल तालुक्यात असलेले पाणी दुपारी निपाणी तालुक्यात येते, आणि पुढे जाताना ते कोणत्या मंडळाच्या नोंदवहीत मोडते हे त्याला ठाऊक नसते. माशाचेही तसेच. दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांनी व मत्स्यखात्यांनी सीमेच्या अलीकडे व पलीकडे एकाच दिवशी पाण्याचे, गाळाचे आणि माशाचे नमुने घ्यावेत, आणि त्यांत प्राणवायूबरोबर इ. कोलायची गणना करावी, अशी माझी सूचना आहे. बरगे घालण्यापूर्वी एकदा, होळीच्या सुमारास एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा, असे वर्षातून तीन वेळा केले तरी पुष्कळ उलगडा होईल.

शाळांनाही यात काम आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावयाची. विष्ठाजन्य जंतू असतील तर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊन पाणी काळे पडते. ही चाचणी पिण्याच्या पाण्यासाठी आहे. नदीचे पाणी घातले तर बाटली बहुधा काळी होणारच, आणि त्यावरून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. नाला मिळतो त्याच्या वरच्या बाजूची बाटली किती तासांनी काळी झाली आणि खालच्या बाजूची किती तासांनी, एवढी नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. वेळेतील फरक बरेच काही सांगतो. मात्र हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे, मुलांनी पाण्यात उतरू नये, हात साबणाने धुवावेत, आणि काळी झालेली बाटली जंतुनाशक घालूनच रिकामी करावी. विहिरी व नळ यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. नाल्याकाठच्या विहिरींचे पाणी आधी पाहावे. ज्या शाळांना बाटल्या व नोंदीचा तक्ता हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे आणि जवळच्या बंधाऱ्याचे नाव लिहून द्यावे.